तबकडी आपोआप कशी बदलते ?

लाखेच्या जुन्या तबकड्या मिनिटास सुमारें ७८ फेरे घेत असत. दहा इंची तबकडीची एक बाजू तीनएक मिनिटांत संपे. एखादी दीर्घ संगीतरचना चार तबकड्यांवर विभागलेली असली, म्हणजे श्रोत्यास वारंवार उठावें लागे. हा त्रास चुकविण्याकरितां ऑस्ट्रेलियांतील होबार्ट येथील एरिक वॉटरवर्थ ह्यानें १९२५ च्या सुमारास एक स्वयंचलित यंत्र योजिलें. आणि १९२७ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें तसें यंत्र बाजारांत आणिलें. पुढें नाना प्रकारच्या रचना निघाल्या. त्यांपैकीं बरीच रूढ झालेली एक येथें पाहूं.

पहिला प्रश्न असा कीं, गठ्ठ्यांतून एकच तबकडी खालीं कशी पडावी ? मधल्या दांड्यास वरच्या बाजूला एक लहानशी पायरी असते. तीवर तबकड्यांचा गठ्ठा टेकलेला राहतो. वेळ येतांच एक बारीक दट्ट्या सर्वांत खालची तबकडी किंचित् सरकवितो. तिचें भोंक दांड्याच्या खालच्या भागाच्या नेमकें वर येतें व ती अलगद खालीं उतरते. दट्ट्या एकाच तबकडीच्या जाडीइतका असल्यामुळें वरच्या तबकड्या जागच्या हालत नाहींत.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. गाणें संपलें हें यंत्रास कळतें कसें ? त्यास कान नाहींत, व बुद्धीही नाहीं. तबकडीवरील गाण्याच्या खांचा इतक्या जवळजवळ असतात कीं, एका फेऱ्यांत सुई इंचाच्या सुमारें शंभराव्या भागाइतकीच आंत सरकते. सुईच्या हाताशीं खालून एक हलकी खिटी जोडलेली असते. हाताबरोबर तीही मध्याकडे सरकते. फिरत्या तबकाच्या खालीं असलेला एक उंचवटा दर फेऱ्यास तिला हलकेंच मागें लोटतो. गाणें संपल्यावर मात्र खांच एकदम मध्याकडे धांवते. सुई एकाच फेऱ्यांत पुष्कळ आंत येते. खिटी फार पुढें सरकते, आणि उंचवटा तिला मागें न लोटतां तींत अडकतो. एवढ्यावरूनच यंत्र "संपलें" असें समजतें !

अडकलेली खिटी एका मोठ्या दंतचक्रास धक्का देते. ह्या चक्राचे कांहीं दांते मुद्दाम गाळलेले असतात. एरव्हीं ती मोकळी जागा तबकाच्या लहान चक्रासमोर असते, म्हणून मोठें चक्र स्वस्थ राहतें. धक्का मिळतांच दांते दांत्यांत बसतात व चक्राचा एक पूर्ण फेरा होतो. तेवढ्यांत त्यावरील वळणदार खांच सुईचा हात उचलते, बाहेर नेते, नवी तबकडी पाडविते, आणि हात पुन्हां तबकडीच्या कडेवर ठेवते. मोकळी जागा परत समोर आली कीं चक्र थांबतें.

यंत्राच्या सोयीसाठीं तबकड्यांचा क्रमही बदलावा लागला. चार तबकड्यांच्या संचांत पहिल्या भागाच्या पाठीवर आठवा, दुसऱ्याच्या पाठीवर सातवा, तिसऱ्याच्या पाठीवर सहावा व चवथ्याच्या पाठीवर पांचवा भाग छापीत. चार भाग ऐकून सबंध गठ्ठा एकदांच उलटा केला, म्हणजे पुढील चार भाग ओळीनें वाजत. हा हिशेब कागदाच्या चार चकत्या घेऊन स्वतः करून पाहावा.

१९४८ सालीं एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणाऱ्या तबकड्या आल्या व ह्या यंत्राची निकड कमी झाली. तथापि तीं पुढेंही पुष्कळ वर्षें विकलीं जात होतीं. आजही एखाद्या घरीं असें यंत्र पडून असतें. गाणें संपलें तरी तबकडी बदलत नाहीं, म्हणून तें मोडीत काढण्याचा विचार होतो. पालकांस विनंति ही कीं, तत्पूर्वीं जाणत्याकडून ती हलकी खिटी तपासून घ्यावी. पुष्कळदां मोटार धडधाकट असते. वर्षानुवर्षें सुकलेल्या वंगणानें खिटी तेवढी चिकटलेली असते. तीवर आणखी वंगण घालणें हा उपाय नव्हे. जुनें पुसून काढणें हाच उपाय होय.

सारांश, ज्यास आपण यंत्राची हुशारी म्हणतों, ती वस्तुतः हळू आणि जलद ह्यांतील भेद ओळखणाऱ्या एका चिमुकल्या तुकड्याची करामत आहे. तो तुकडा स्वच्छ व मोकळा असला, तरच बाकीचें सारें यंत्र उपयोगाचें.