१२. नोंदवहीतील नवे नाव

प्रस्तावना

शाळेत किंवा महाविद्यालयात प्रवेश घेणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अर्ज, शुल्क आणि ओळखपत्र उभे राहते. परंतु एखादी विद्यासंस्था नव्याने आलेल्या विद्वानाला आणि विद्यार्थ्याला आपल्यात कशी सामावून घेते, यावरून त्या संस्थेची ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी समजते. स्वागत कोणाचे झाले, कोणाचे नाकारले गेले आणि कोणाचे उशिरा झाले, हेही पाहावे लागते. या पाठात इंग्लंडमधील केंब्रिज येथील महाविद्यालयांची स्वागताची परंपरा आणि तेथे पोहोचलेले दोन भारतीय विद्वान यांचा परिचय तुम्ही करून घेणार आहात.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• 'फेलो' आणि 'स्कॉलर' या संज्ञांचा अर्थ सांगू शकाल;
• स्वागतविधीतील प्रत्येक कृतीमागील आशय स्पष्ट करू शकाल;
• परांजपे आणि रामानुजन यांच्या अनुभवांची तुलना करू शकाल;
• 'स्वागत' आणि तत्सम शब्दांचा संधिविग्रह करू शकाल.

१२.१ मूळ पाठ

(अ) महाविद्यालय कोणाचे?

केंब्रिज विद्यापीठ आठशे वर्षांहून जुने आहे. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे ही कामे विद्यापीठ करते. विद्यार्थ्यांचा निवास, भोजन आणि त्यांच्या अभ्यासाकडे वैयक्तिक लक्ष देणे या गोष्टी मात्र तेथील महाविद्यालये पाहतात. प्रत्येक महाविद्यालयाचे उत्पन्न स्वतंत्र, नियम स्वतंत्र आणि कारभारही स्वतंत्र असतो. सेंट जॉन्स हे महाविद्यालय १५११ साली, तर ट्रिनिटी हे महाविद्यालय १५४६ साली स्थापन झाले.

या दोन्ही महाविद्यालयांची अधिकृत नावे पाहिली तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. त्या नावांचा आरंभ 'मास्टर, फेलो आणि स्कॉलर' अशा शब्दांनी होतो. मास्टर म्हणजे महाविद्यालयाचा प्रमुख. फेलो म्हणजे विद्वत्तेच्या बळावर निवडलेला अधिछात्र. स्कॉलर म्हणजे गुणवत्तेमुळे शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी. कायद्याच्या दृष्टीने महाविद्यालय म्हणजे ही माणसे होत. उंच मनोरे, कमानी आणि हिरवळीचे चौक ही त्यांची मालमत्ता आहे.

फेलोला लॅटिन भाषेत 'सोशियस' म्हणतात. त्याचा अर्थ सोबती किंवा सहभागी असा आहे. फेलो हा महाविद्यालयाचा केवळ नोकर नसतो. महाविद्यालयाचा कारभार फेलोच मिळून चालवतात. तरुण संशोधकाला अशी अधिछात्रवृत्ती मिळाली, की काही वर्षे मानधन मिळते आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे निर्वेधपणे संशोधन करण्याचे स्वातंत्र्य मिळते. त्या काळात अमुकच निष्कर्ष काढा, असे त्याला कोणी सांगत नाही.

पाठगत प्रश्न १२.१
१. केंब्रिजमध्ये पदव्या कोण देते?
२. 'सोशियस' या शब्दाचा अर्थ काय?
३. योग्य की अयोग्य ते सांगा : फेलो हा महाविद्यालयाचा केवळ नोकर असतो.

(आ) स्वागताचा विधी

नव्या फेलोच्या स्वागताचे तपशील महाविद्यालयागणिक निराळे असले, तरी जुन्या महाविद्यालयांतील विधीचे स्वरूप साधारणपणे सारखे आहे. निवड झालेली व्यक्ती महाविद्यालयाच्या प्रार्थनामंदिरात येते. महाविद्यालयाचे नियम पाळण्याचे आणि त्याचे हित जपण्याचे वचन देते. नोंदवहीत स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिते. मग ती मास्टरपुढे गुडघे टेकते आणि जोडलेले हात त्याच्या हातांत देते. मास्टर लॅटिन भाषेतील ठरावीक शब्द उच्चारून तिला महाविद्यालयात दाखल करून घेतो. निवडलेल्या स्कॉलरांनाही अशाच पद्धतीने वचन देऊन आणि स्वाक्षरी करून दाखल करून घेण्याची प्रथा आहे.

एकाने आपले हात दुसऱ्याच्या हातांत देणे ही युरोपातील मध्ययुगीन रीत होय. सरदार आपल्या राजाशी अशाच प्रकारे निष्ठेने बांधला जाई. येथे मात्र बंधन दोन्ही बाजूंचे आहे. नवागत नियम पाळण्याचे वचन देतो आणि महाविद्यालय त्याचा योगक्षेम स्वीकारते. मास्टरही त्याच नियमांनी बांधलेला असतो.

नोंदवहीतील स्वाक्षरीचा अर्थ याहून साधा आणि अधिक खोल आहे. त्याच महाविद्यालयात पूर्वी आलेल्या विद्वानांच्या मालिकेत नवागताचे नाव जोडले जाते. तो त्यांचा वारस ठरतो आणि पुढे येणाऱ्यांचा पूर्वज होतो.

विधीनंतर भोजन असते. महाविद्यालयाच्या भोजनगृहाच्या एका टोकाला किंचित उंच जागी फेलोंचे मेज असते. त्या मेजावर नवागताला स्थान मिळते. आपल्याकडेही एका पंगतीला बसणे हे आपलेपणाचे लक्षण मानले जाते. अशा पंगतीत कोणाचे पान मांडले जाते आणि कोणाचे नाही, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या स्वागताचे दार पूर्वी सर्वांना खुले नव्हते. जेम्स सिल्व्हेस्टर हे सेंट जॉन्सचे विद्यार्थी १८३७ साली गणिताच्या अंतिम परीक्षेत दुसरे आले; परंतु ते ज्यू धर्मीय असल्यामुळे त्यांना तेव्हा पदवीही मिळाली नाही आणि फेलो होण्याची संधीही मिळाली नाही. १८७१ च्या कायद्याने बहुतेक पदांवरील धर्माची अट काढून टाकली. स्त्रियांना आणखी वाट पाहावी लागली. त्यांना विद्यापीठाची पूर्ण पदवी १९४८ पासून मिळू लागली आणि ट्रिनिटी महाविद्यालयात पहिल्या स्त्री फेलोची निवड १९७७ साली झाली.

पाठगत प्रश्न १२.२
१. नोंदवहीत स्वाक्षरी केल्यामुळे नवागत कोणत्या मालिकेत जोडला जातो?
२. सिल्व्हेस्टर यांना पदवी का मिळाली नाही?
३. १८७१ च्या कायद्याने कोणता बदल झाला?

(इ) दोन भारतीय विद्वान

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ साली कोकणातील मुर्डी या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते १८९६ साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि सेंट जॉन्समध्ये दाखल झाले. गणिताच्या अंतिम परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना तेथे 'रँग्लर' म्हणत आणि सर्वप्रथम येणाऱ्याला 'सीनिअर रँग्लर'. १८९९ साली परांजपे यांनी हा मान एका इंग्रज विद्यार्थ्यासह मिळवला. असा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. पुढे सेंट जॉन्सने त्यांची फेलो म्हणून निवड केली. महाराष्ट्रात 'रँग्लर' ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जोडली गेली.

परांजपे मात्र तेथे राहिले नाहीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करण्याचे व्रत घेत असत. परांजपे यांनी ते व्रत स्वीकारले. १९०२ साली ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते पद सांभाळले. केंब्रिजने मानाने दिलेले स्थान त्यांनी पुण्यातील विद्यार्थ्यांच्या उपयोगी आणले.

दुसरा अनुभव अधिक कठीण आहे. श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म १८८७ साली तमिळनाडूतील ईरोड येथे झाला. गणितावाचून अन्य विषयांत त्यांचे मन रमेना. त्यामुळे महाविद्यालयीन परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले आणि त्यांची शिष्यवृत्तीही गेली. १९१२ साली ते मद्रास बंदराच्या कचेरीत दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून लागले. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी आपली प्रमेये ट्रिनिटीचे फेलो जी. एच. हार्डी यांना पत्राने पाठवली. पदवी नसलेल्या त्या कारकुनाची असामान्य प्रतिभा हार्डी यांनी ओळखली. १९१४ च्या एप्रिलमध्ये रामानुजन इंग्लंडला पोहोचले आणि १९१६ साली संशोधनाच्या आधारे त्यांना केंब्रिजची पदवी मिळाली.

तरीही महाविद्यालयाचे आपलेपण सहजी लाभले नाही. रामानुजन कटाक्षाने शाकाहारी होते आणि आपल्या खोलीत स्वतः स्वयंपाक करीत. सर्वांनी मिळून घ्यायच्या ज्या भोजनात त्या समूहाचे ऐक्य प्रकट होई, त्यात त्यांना सहभागी होता येत नव्हते. त्यातच पहिल्या महायुद्धामुळे धान्य व भाजीपाला यांची टंचाई झाली. १९१७ साली त्यांची प्रकृती ढासळली. त्याच वर्षी त्यांना ट्रिनिटीचे फेलो करावे, असा प्रयत्न झाला. पण तो फसला. विरोधामागे वर्णद्वेषही होता, असे हार्डी यांचे सहकारी लिटलवुड यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे.

१९१८ साली रॉयल सोसायटी या इंग्लंडमधील अग्रगण्य विज्ञानसंस्थेने रामानुजन यांना आपले फेलो म्हणून निवडले. या सन्मानानंतर त्यांना नाकारणे ट्रिनिटीला अवघड होते. ऑक्टोबर १९१८ मध्ये ते ट्रिनिटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. सहा वर्षे दरसाल २५० पौंड मिळणार होते आणि त्यासाठी कोणत्याही कामाची अट नव्हती. मात्र तोवर त्यांचे आयुष्य रुग्णालये आणि शुश्रूषागृहे यांत जात होते.

मद्रास विद्यापीठानेही त्यांना दरसाल २५० पौंड देऊ केले. त्याला उत्तर म्हणून रामानुजन यांनी जानेवारी १९१९ मध्ये एक पत्र पाठवले. ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा जास्त आहे. आईवडिलांना ५० पौंड द्यावेत आणि आपला आवश्यक खर्च भागून जे उरेल ते गरीब व अनाथ मुलांचे शुल्क कमी करण्यासाठी आणि शाळांतील पुस्तकांसाठी वापरावे, अशी इच्छा त्यांनी त्यात व्यक्त केली. ज्याची शिष्यवृत्ती एकेकाळी काढून घेतली गेली होती, त्याला स्वतःचा उत्कर्ष होताच शुल्क भरू न शकणारी मुले आठवली. मार्च १९१९ मध्ये ते भारतात परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९९८ साली अमर्त्य सेन हे ट्रिनिटीचे मास्टर झाले आणि २००४ पर्यंत त्या पदावर होते. स्वतः सेन यांची १९५७ साली तेथे फेलो म्हणून निवड झाली होती. ज्या महाविद्यालयाने १९१७ साली एका भारतीयाला दाराशी थांबवले, तेथेच पुढे नवागतांना दाखल करून घेण्याचे काम एका भारतीयाकडे आले. नियम बदलले, माणसे बदलली आणि त्यासोबत स्वागताचा अर्थही रुंदावला.

विद्यासंस्था नवागताला खोली, भोजन आणि मानधन देते. पण या सर्वांच्या मुळाशी असतो तो विश्वास. हा विश्वास वेळेवर मिळाला, तर प्रतिभेला बहर येतो. तो उशिरा मिळाला, तर सन्मान पदरी पडतो आणि आयुष्य निसटून जाते. आणि ज्याचे स्वागत झाले, त्याच्यावरही एक ऋण राहते. आपल्यामागून येणाऱ्यासाठी दार उघडे ठेवणे, हीच त्या ऋणाची फेड होय.

पाठगत प्रश्न १२.३
१. 'सीनिअर रँग्लर' कोणाला म्हणत?
२. रामानुजन ट्रिनिटीचे फेलो केव्हा झाले?
३. उरलेली रक्कम कशासाठी वापरावी, असे रामानुजन यांनी सुचवले?

१२.२ शब्दार्थ

अधिछात्र – विद्वत्तेसाठी निवडलेला व वृत्ती मिळणारा संशोधक
नवागत – नव्याने आलेला
योगक्षेम – निर्वाह व संरक्षण
निर्वेधपणे – अडथळ्याविना
कटाक्षाने – काळजीपूर्वक, न चुकता
उत्कर्ष – भरभराट

१२.३ भाषाभ्यास

'स्वागत' हा शब्द सु + आगत असा बनला आहे. 'सु' म्हणजे चांगले आणि 'आगत' म्हणजे आलेला किंवा येणे. 'उ' या स्वरापुढे 'आ' हा विजातीय स्वर आल्यामुळे 'उ' चा 'व्' झाला. अशाच रीतीने 'नवागत' हा शब्द नव + आगत असा बनला. येथे अ + आ = आ असा बदल झाला आहे.

कृती : पुढील शब्दांचा संधिविग्रह करा – विद्यार्थी, विद्यालय, सन्मान.

१२.४ तुम्ही काय शिकलात?

• केंब्रिजमधील महाविद्यालय म्हणजे मास्टर, फेलो आणि स्कॉलर यांचा समूह होय.
• वचन, स्वाक्षरी, हातात हात देणे आणि सहभोजन या कृतींतून नवागत त्या समूहाचा घटक होतो.
• धर्म, स्त्रीत्व आणि वर्ण या कारणांनी अनेकांचे स्वागत नाकारले गेले किंवा लांबले.
• परांजपे व रामानुजन या दोघांनीही स्वतःला मिळालेल्या मानाचा विचार इतरांच्या शिक्षणाशी जोडला.

१२.५ पाठान्त प्रश्न

१. नव्या फेलोच्या स्वागतविधीचे वर्णन करून त्यातील कोणत्याही दोन कृतींचा आशय स्पष्ट करा.
२. 'महाविद्यालय म्हणजे माणसे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. परांजपे आणि रामानुजन यांच्या अनुभवांतील साम्य व भेद लिहा.
४. तुमच्या अभ्यासकेंद्रात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वागत कसे करावे, याविषयी दहा ओळी लिहा. ज्याचे शिक्षण मध्येच सुटले होते, अशा विद्यार्थ्याचा विशेष विचार करा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१२.१ – १. विद्यापीठ. २. सोबती किंवा सहभागी. ३. अयोग्य.
१२.२ – १. पूर्वी आलेल्या विद्वानांच्या. २. ते ज्यू धर्मीय असल्यामुळे. ३. बहुतेक पदांवरील धर्माची अट गेली.
१२.३ – १. गणिताच्या अंतिम परीक्षेत सर्वप्रथम येणाऱ्याला. २. ऑक्टोबर १९१८ मध्ये. ३. गरीब व अनाथ मुलांचे शुल्क कमी करण्यासाठी व शाळांतील पुस्तकांसाठी.
कृती – विद्या + अर्थी. विद्या + आलय. सत् + मान.