फ्युएल पंप : किती मोठा घ्यायचा, कसा बसवायचा

टाकीतलं पेट्रोल ठरावीक प्रेशरने इंजिनपर्यंत पोहोचवणं, एवढंच फ्युएल पंपाचं काम. इंजिनची ताकद वाढवली की पेट्रोल जास्त लागतं, आणि मग पंप बदलायचा का, कोणता घ्यायचा हे प्रश्न येतात. पुढच्या संवादात मुंबईतल्या लालबागच्या गॅरेजमधले एक मिस्त्री आणि माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधला मेकॅनिकलचा एक विद्यार्थी हे प्रश्न सोडवतात. उदाहरणाची गाडी अबार्थ पुंटो : पुण्याजवळच्या रांजणगावला बनलेली, 2015 साली बाजारात आलेली, 1.4 लिटर टर्बो इंजिनाची. कंपनीतून ती 145 अश्वशक्तीची निघाली. मालकाला 200 हवी आहे.

विद्यार्थी : काका, जुन्या प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीलाही पंप होताच की. मग आत्ताच्यात वेगळं काय?

मिस्त्री : पद्मिनीचा पंप इंजिनलाच चिकटलेला. कॅमशाफ्टने दांडा ढकलायचा, आतला पडदा खालीवर व्हायचा आणि पेट्रोल कार्बोरेटरला जायचं. प्रेशर पाव बारच्या आसपास, पण कार्बोरेटरला तेवढं पुरायचं. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि टॅक्सी बंद. मग टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकून बसायचे. आताचा पंप विजेवर चालतो, टाकीत बुडालेला असतो आणि प्रेशर तीन-चार बार देतो.

विद्यार्थी : विजेची मोटर पेट्रोलमध्ये बुडवायची? ठिणगी पडली तर?

मिस्त्री : टाकीत काही होत नाही. द्रवरूप पेट्रोल पेटत नाही, पेटते ती वाफ. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच. बंद टाकीत वाफ त्याहून कितीतरी दाट असते, तिथे हवाच कमी पडते. धोका टाकी उघडल्यावर, कारण बाहेर हेच प्रमाण बरोबर पेटण्याजोगं होतं.

पंप टाकीत ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. असा पंप पेट्रोल पुढे ढकलण्यात तरबेज, पण लांबून ओढून घेण्यात कच्चा. ओढताना प्रेशर घटतं आणि वाफ धरते. शिवाय भोवतालचं पेट्रोलच मोटर थंड ठेवतं, म्हणून काटा कायम रिझर्व्हवर ठेवून फिरणाऱ्यांचे पंप लवकर जातात.

विद्यार्थी : खोक्यावर 255 लिहिलेलं असतं. म्हणजे तासाला 255 लिटर ना?

मिस्त्री : हो, पण किती प्रेशरला आणि किती व्होल्टला, ते विचार. चाळीत तळमजल्याचा नळ धो धो वाहतो आणि तिसऱ्या मजल्यावर त्याच लाइनचं पाणी करंगळीएवढं येतं, तसंच हे. वालब्रोचा 255 चा पंप तेवढं पेट्रोल देतो तीन बारच्या आसपास, साडेतेरा व्होल्ट मिळाले तर. प्रेशर वाढलं की पेट्रोल कमी, व्होल्टेज पडलं की आणखी कमी. म्हणून आकडा बघू नकोस, पंपाचा आलेख बघ. आलेख न देणाऱ्याचा पंप मी घेत नाही.

विद्यार्थी : मग आपल्या गाडीला लागणार किती?

मिस्त्री : काढ हिशेब. फुल थ्रॉटलला टर्बो इंजिन एका अश्वशक्तीला तासाला सुमारे 270 ग्रॅम पेट्रोल खातं. 200 ला किती?

विद्यार्थी : 54 किलो. पेट्रोलची घनता 0.745 धरली तर 73 लिटर.

मिस्त्री : आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. त्यातल्या इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला 14.7 किलो हवा, ई20 ला साडेतेरा. हवा तेवढीच असली तर इंधन जास्त सोडावं लागतं, लिटरमध्ये सात-आठ टक्के. 79 झाले. त्यावर वीस टक्के हात राखून ठेव. 95.

विद्यार्थी : एवढंच? मग 255 चा पंप तर निम्म्याहून जास्त रिकामाच फिरेल!

मिस्त्री : फिरेलच. आणि लोक 450 चा टाकतात.

गरजेपेक्षा मोठा पंप नुसता वाया जात नाही, तो त्रासही देतो. इंजिनने न वापरलेलं पेट्रोल रेग्युलेटरमधून टाकीत परत जातं. पंप फारच मोठा असला तर रेग्युलेटरच्या लहान भोकातून एवढं पेट्रोल परत जाऊ शकत नाही. मग गाडी नुसती उभी असतानाही प्रेशर चढतं, इंजिन जास्त पेट्रोल पितं आणि धुराला वास येतो. तेच पेट्रोल पुन्हापुन्हा फिरून गरम होतं. मोठ्या पंपाला करंटही 15 अँपियरच्या पुढे लागतो. कंपनीची बारीक वायर त्यासाठी बनलेलीच नसते.

विद्यार्थी : पण 95 हे कुठल्या प्रेशरला मोजायचे?

मिस्त्री : इथेच खरी गोम आहे. समज, रेग्युलेटर टाकीत आहे आणि तो इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये कायम साडेतीन बार ठेवतो. टर्बो एक बार बूस्ट देतोय. म्हणजे इंजेक्टरच्या तोंडाशी समोरून एक बार उलटा ढकलतोय. उरले अडीच. ऐन गरजेला इंजेक्टर कमी पेट्रोल सोडतो. दुसरा मार्ग, इनटेक मॅनिफोल्डची नळी जोडलेला रेग्युलेटर बसवायचा. मग बूस्ट वाढेल तसं रेलचं प्रेशरही वाढतं. अशा वेळी आलेखात साडेचार बारवर बोट ठेवायचं आणि तिथे 95 मिळतात का बघायचं.

विद्यार्थी : आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टीएसआय गाड्या?

मिस्त्री : त्यांना दोन पंप. टाकीतला हा, आणि इंजिनवर कॅमने चालणारा दुसरा, शंभर-दोनशे बारचा. तिथे बहुधा दुसराच आधी कमी पडतो. टाकीतला बदलून उपयोग नाही.

हिशेब झाला तरी खरेदी लगेच करायची नसते. आधी जुना पंप खरंच कमी पडतोय का ते मोजावं लागतं. वरच्या गिअरमध्ये फुल थ्रॉटलला रेलचं प्रेशर खाली येतं का? एक्झॉस्टमधल्या वाइडबँड सेन्सरवर मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, दिसतं का? बूस्टखाली पातळ मिश्रणाने नॉकिंग होतं आणि पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात. तरीही दोष पंपाचाच असेल असं नाही. चोंदलेला फिल्टर, टाकीतली भरलेली जाळी आणि दमलेली वायर यांचीही लक्षणं हीच.

विद्यार्थी : वायर कशी ओळखायची?

मिस्त्री : मल्टिमीटरने. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 दिसतात. आता पंपाच्या कनेक्टरवर, पंप चालू असतानाच मोज. साडेअकरा आले तर 2.3 व्होल्ट वाटेत खाल्ले. निम्म्या गाड्यांचं दुखणं इथेच निघतं. बॅटरीवरून फ्यूज घालून जाड वायर, मध्ये रिले, आणि बॉडी स्वच्छ खरवडून जोडलेली मायनस. कंपनीची जुनी वायर फक्त रिले चालू करायला. कधीकधी एवढ्यावरच जुना पंप 200 ला पुरतो.

पंप घ्यायचाच ठरला तर खरेदी ग्रँट रोड–ऑपेरा हाऊसच्या स्पेअर बाजारात किंवा परदेशातून मागवून होते. नामांकित पंपांच्या नकला सगळीकडे आहेत, खोक्यापासून स्टिकरपर्यंत हुबेहूब. म्हणून बसवल्यावर त्याची धार मोजणं शहाणपणाचं. रिटर्नच्या बाजूने मापाच्या कॅनमध्ये 30 सेकंद पेट्रोल काढायचं आणि 120 ने गुणायचं.

विद्यार्थी : बसवताना पहिलं काय?

मिस्त्री : पहिली जागा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये नाही, खड्ड्यावर तर नाहीच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच साचते. टाकी पाव भरलेली असू दे. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीची मायनस सोड. मागची सीट उचल, झाकणाभोवतीची माती आधी ब्रशने झाड, नाहीतर सगळी टाकीत. रिंग सोडवताना पितळेचा हातोडा वापर, लोखंडाचा नको.

अनेकांची चूक होते ती आतल्या पाइपात. पंपापासून वरच्या झाकणापर्यंतचा नळीचा वीतभर तुकडा पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. बाहेर चालणारा साधा फ्युएल होज फक्त आतून पेट्रोल सोसतो. बाहेरूनही भिजला की फुगतो, मऊ होतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग पंप जोरात फिरतो, पेट्रोल मात्र टाकीतल्या टाकीतच घुमतं. तिथे एसएई 30आर10 जातीचाच होज लागतो, ज्याच्यावर तसं छापलेलं असतं. नवी जाळी आणि झाकणाचं नवं रबर सीलही त्याच वेळी.

विद्यार्थी : पावसात त्या झाकणातून पाणी जाऊ शकतं?

मिस्त्री : हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यात गाडी बुडाली तर जातं. जुनं सील परत लावलेलं असलं तर हमखास. आणि ई20 मध्ये ठरावीक प्रमाणापुढे पाणी मिसळलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं. पंपाची जाळी तळालाच. मग इंजिनला जातं ते पेट्रोल नव्हे. अशी टाकी पूर्ण रिकामी करायची, नवं पेट्रोल ओतून भागत नाही.

विद्यार्थी : ताडदेव आरटीओत काही दाखवावं लागतं?

मिस्त्री : पंपाची नोंद आरसीत नसते. पण आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मना आहे. पीयूसी सुटत नाही आणि वॉरंटी तर गेलीच समज. इन्शुरन्सवाल्याला आधी सांग.

सगळं जोडून झाल्यावर इंजिन लगेच मारायचं नसतं. चावी दोन-तीनदा नुसती ऑन करून लाइन भरायची आणि प्रत्येक जोडावर कोरडं बोट फिरवून ओल बघायची. मगच चालू. फुल थ्रॉटलची चाचणी लालबागच्या उड्डाणपुलावर नव्हे, ताकद मोजणाऱ्या डायनोवर. रेलचं प्रेशर, बूस्ट आणि मिश्रण तिन्ही एकाच वेळी नोंदवायची. प्रेशर बूस्टबरोबर सरळ चढलं आणि वरच्या आरपीएमला खाली आलं नाही की ईसीयूचा मॅप करणाऱ्याच्या हाती गाडी द्यायची. काही आठवड्यांनी फिल्टर पुन्हा बदलायचा, कारण नवा पंप जुन्या टाकीचा तळ ढवळून गाळ पुढे आणतो.