परभणी ते चिखलदरा, हिवाळ्यात गाडीनं: खर्च किती, धोका कुठं

परभणीकराला थंडी नवी नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंशांपर्यंत उतरला होता, आणि अशा थंडीच्या बातम्या जवळपास दरवर्षी येतात. तरीही नाताळच्या सुट्या लागल्या की गल्लीगल्लीत थंड हवेच्या ठिकाणाचे बेत सुरू होतात. महाबळेश्वर दूर पडतं आणि म्हैसमाळ एका दिवसात आटोपतं. मग दोन मुक्कामांसाठी चिखलदरा उरतं. अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगरात, १,११८ मीटर उंचीवरचं हे ठिकाण.

तिथं बर्फ पडत नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या प्रवासाची वेगळी तयारी लागते, हेच कुणाच्या मनात येत नाही. पाऊस नाही, ऊन कडक नाही, म्हणजे गाडी चालवायला हाच उत्तम मोसम, असं धरून लोक पहाटे चारला निघतात. या साऱ्या प्रवासात सगळ्यात महाग पडू शकणारी गोष्ट कोणती, तर हे पहाटे चारला निघणं.

रस्ता असा आहे: परभणीहून औंढा नागनाथ, हिंगोली, कनेरगाव नाका, वाशीम, मालेगाव, पातूर, अकोला, तिथून अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि मग घाट. एका बाजूचं अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. हिंगोलीपासून अकोल्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे, तिथं वेळ वाचतो. पुढं अकोट-अंजनगाव भागात गावं, बैलगाड्या, कापसाच्या गाड्या आणि संत्र्यांची वाहतूक यांमुळे वेग आपोआप उतरतो. चहा-जेवणासह आठ तास धरावेत.

निघण्याआधी अकोला-अकोट रस्त्यावरच्या गांधीग्रामच्या पुलाची चौकशी करा. पूर्णा नदीवरचा तिथला ब्रिटिशकालीन पूल तडे गेल्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद केला होता आणि वाहनांना वळसा पडला होता. सध्या वाहतूक कशी चालू आहे हे अकोल्यातल्या कुणालाही फोन करून विचारता येतं. पर्याय म्हणून मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव हा रस्ता आहे.

धुकं, उसाच्या ट्रॉल्या आणि काळी माती

डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं ते नदीकाठी आणि सखल भागात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि आदल्या एक-दोन दिवसांत अवकाळी पाऊस होऊन जमीन ओली झालेली, अशी पहाट सगळ्यात वाईट. रात्री जमीन झपाट्यानं थंड होते आणि तिच्यालगतच्या हवेतला ओलावा तिथंच साकळतो. या मार्गावर अशा जागा ठरलेल्या आहेत: हिंगोलीजवळ कयाधू, हिंगोली-वाशीम सीमेवर पैनगंगा, अकोल्यापुढं पूर्णा. परभणीतून बाहेर पडताना लागणारी पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते. अकोल्याची पूर्णा तापीला जाते. दोन्हींच्या पुलांवर पहाटे सारखीच काळजी घ्यायची. मोकळ्या रस्त्यावर लांबवरचं दिसत असतं आणि पुलाच्या उतारावर अचानक बोनेटच्या पुढचं दिसेनासं होतं.

धुक्यात अप्पर लावू नका. तो प्रकाश धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. डिपर, असतील तर फॉग लॅम्प, आणि काच आतून धुरकटली की एसी चालू करून हवा समोरच्या काचेवर सोडायची. थंडीत एसी कशाला म्हणून लोक फडक्यानं काच पुसत राहतात. काच कोरडी करायचं काम एसीच करतो. गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावून ठेवायची सवय सोडा. मागच्याला तुम्ही वळणार की थांबणार हे कळत नाही. फारच दाट झालं तर पंप किंवा ढाबा पाहून थांबा. रस्त्याच्या कडेला मात्र थांबू नका.

धुक्यापेक्षाही मला जास्त भीती वाटते ती उसाच्या ट्रॅक्टरची. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा गाळप हंगाम. परभणी-हिंगोली पट्ट्यात दिवसरात्र ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हात-दीड हात बाहेर आलेला ऊस, मागच्या बाजूनं लोंबणारी वाढी. मागचा दिवा असलाच तरी त्या पाचटाआड झाकलेला, आणि चाक पंक्चर झालं तर ती ट्रॉली रात्रभर डांबरावरच उभी, मागं दोन-चार दगड मांडून. ऐंशीच्या वेगात येणाऱ्या गाडीला डिपरच्या उजेडात ती दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा एकच दिवा चालू असेल तर दुचाकी समजून जवळून जायचा मोह होतो, तोही जीवघेणा. दिवसा हीच ट्रॉली अर्ध्या किलोमीटरवरून दिसते. सूर्योदयानंतर निघणं यासाठी.

तिसरी गोष्ट अवकाळी पाऊस. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मराठवाडा-विदर्भात झाला तसा पाऊस हिवाळ्यात मध्येच होतो. मग शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, दवानं किंवा भुरभुरीनं ओली होते, आणि त्यावर ब्रेक दाबला की गाडी सरळ घसरत जाते. रस्त्यावर काळे पट्टे दिसले की आधीच वेग उतरवा.

हवामानाचा अंदाज बघताना एक लक्षात घ्या. परभणी-हिंगोलीचा अंदाज हवामान खात्याच्या मुंबई केंद्राकडून येतो. वाशीम, अकोला, अमरावतीचा नागपूर केंद्राकडून. दोन्ही बघा. परभणीचा अंदाज चिखलदऱ्याच्या घाटाला लागू पडत नाही.

गाडीची तयारी

थंडीत पहिल्यांदा दगा देते ती बॅटरी. तीन-चार वर्षं जुनी असेल आणि सकाळी स्टार्टर ओढत असेल तर निघण्याआधीच बदला. लहान गाडीची नवी बॅटरी साधारण ४,००० ते ५,५०० रुपयांना मिळते, जुनी परत दिली की त्यातून काही रक्कम वजा होते. ती वजावट मागून घ्या, दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. तपासणी बहुतेक दुकानांत फुकट होते.

वायपरच्या रबरांची जोडी ५०० ते १,००० रुपये. हेडलाइटचा झोत नीट करून घेणं शे-दोनशे रुपयांचं काम. हा खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगाचा, तरी तो क्वचितच कुणी करतं. कूलंट कमी असेल तर साधं पाणी न ओतता कूलंटच घाला, लिटरला ३००-४०० रुपये. टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर कायद्यानंही बाद आहे. खाचेतल्या उंचवट्याच्या खुणेपर्यंत रबर झिजलं की समजायचं.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब साधारण एका पीएसआयनं उतरतो. परभणीत दुपारी २८ अंशांत हवा भरली आणि चिखलदऱ्यात पहाट ८ अंशांची उजाडली, तर प्रत्येक चाकात तीन-चार पीएसआय कमी. घाट उतरताना ते जाणवतं. स्टेपनीही तपासा.

पीयूसीची मुदत पाहून घ्या. पेट्रोल कारला १२५ रुपये, डिझेलला १५०. विम्यात रोड साइड असिस्टन्स आहे का, हे पॉलिसीवर वाचा. नूतनीकरणाच्या वेळी काहीशे रुपयांत ते मिळतं. आडरानात क्रेन बोलवायची वेळ आली तर हजारो जातात.

पेट्रोल, टोल आणि मुक्काम

परभणीचं पेट्रोल राज्यातल्या सगळ्यात महाग पेट्रोलमध्ये मोडतं. कारण सरळ आहे: इंधन मनमाडसारख्या दूरच्या डेपोतून टँकरनं येतं आणि वाहतुकीचा खर्च दरात मिसळतो. अकोल्याला मात्र गायगावचा डेपो अगदी जवळ. त्यामुळे दोन्हीकडच्या दरात लिटरमागे दीड-दोन रुपयांचा फरक पडू शकतो. परभणीत अकोल्यापर्यंत पुरेल एवढंच टाका, अकोल्यात टाकी भरा, आणि परतताना पुन्हा अकोल्यातच भरा. वाचतील सत्तर-ऐंशी रुपये, म्हणजे चौघांचा चहा. अकोला वाटेवरच आहे म्हणून हे सांगतो. एरवी त्यासाठी वळसा घालण्यात अर्थ नाही. परतवाड्यात काटा पाहून घ्या. वर घाटात पंपाच्या भरवशावर राहू नका.

जाऊन-येऊन आणि तिथं फिरून ७२० किलोमीटर धरा. घाट आणि गर्दी मिळून गाडी लिटरला १६ देईल, म्हणजे ४५ लिटर. १०६ रुपये दरानं पावणेपाच हजार.

टोलसाठी माझा अंदाज दोन्ही बाजूंचे मिळून ५०० ते ७०० रुपये. नेमकी रक्कम राजमार्गयात्रा ॲपवर दिसते. फास्टॅगमध्ये पैसे नसतील तर रोखीनं दुप्पट टोल, यूपीआयनं भरला तर सव्वापट, असा नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. तीन हजारांच्या आसपासचा वार्षिक पास २०० फेऱ्यांसाठी मिळतो. वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्या घरानं तो घेऊ नये, नांदेड-अकोला नेहमी करणाऱ्यानं जरूर घ्यावा.

भाड्याची गाडी घेणार असाल तर हिशेब आधी कागदावर करा. किलोमीटरला १५ रुपये ऐकून ७२० गुणिले १५ म्हणजे १०,८०० असं वाटतं. पण बहुतेक गाडीवाले दिवसाला किमान ३०० किलोमीटर लावतात. तीन दिवसांचे ९०० धरले की १३,५०० झाले, वर ड्रायव्हरचा भत्ता रोजचा ४०० धरून १,२००, टोल वेगळा. किमान किलोमीटर, रात्रीचा हॉल्टिंग चार्ज आणि टोल कोण देणार, हे तिन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं मुळीच नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा स्वस्त गाडीचा सगळा फायदा उलटतो. ज्यांना एवढं चालवायचंच नाही त्यांनी पूर्णा जंक्शनमार्गे रेल्वेनं अकोला गाठावं आणि तिथून गाडी करावी.

मुक्कामाची साधी, स्वच्छ खोली एरवी दोन-तीन हजारांत मिळते. २४ डिसेंबर ते १ जानेवारी दर दुप्पट होऊ शकतो. एमटीडीसीचं निवास आधी बघा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे; बिलात १२ टक्के लावले असतील तर दुरुस्त करून घ्या. आरक्षण करताना दोन प्रश्न विचाराच: गरम पाणी गिझरचं की सोलरचं, आणि किती वाजेपर्यंत? जादा रजई-ब्लँकेटचे पैसे वेगळे का? सोलरचं पाणी डिसेंबरच्या सकाळी चौथ्या माणसापर्यंत पोचत नाही. नगरपरिषदेचा प्रवेश कर आणि गाविलगडासारख्या ठिकाणी वनखात्याचं शुल्क यांसाठी सुटे पैसे जवळ असू द्या. नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही.

चौघांचं कुटुंब, स्वतःची गाडी, दोन रात्री, जेवणखाणाचे माणशी रोज ६०० रुपये, असं धरलं तर १९ ते २० हजार. नाताळच्या आठवड्यात त्यात पाच-सहा हजार वाढवा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवार-मंगळवारी गेलात तर थंडी तितकीच, खर्च कमी आणि घाट मोकळा.

घाट

परतवाड्याहून वर जायला तासभर. दुपारी चारच्या आत घाट चढायला घ्या, कारण डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो आणि डोंगराच्या सावलीत अंधार त्याच्याही आधी येतो. चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा नियम आहे, उतरणाऱ्यानं थांबायचं. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय ठेवून नको. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचत नाही, ब्रेक मात्र तापून निकामी होतात. सकाळी नऊपर्यंत सावलीतली वळणं दवानं ओली असतात, म्हणून परतीला नाश्ता करूनच निघा. हा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे. मेळघाटातले काही रस्ते रात्री बंद असतात, तेव्हा गुगलनं दाखवलेला जवळचा रस्ता नाक्यावर विचारल्याशिवाय धरू नका. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जंगलात फोन लागेलच असं नाही, म्हणून परतवाड्यातून घरी कळवून पुढं जा.

परभणीतून सकाळी साडेसातला, ऊन पडल्यावर निघालात तर हे सगळं वेळेत बसतं. त्याला एक रुपयाही लागत नाही.

आणि तुमच्या घरात, गावात, नात्यात कुणी ऊसवाहतूक करत असेल, तर ट्रॉलीच्या मागं लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी आजच लावायला सांगा. ट्रॉली भरल्यावर ती वाढ्याखाली झाकली जात नाही ना, हेही बघायला सांगा. खर्च काहीशे रुपये.