उलटी कयाक सुलटी करायला किती पैसे लागतात?

नर्मदा उशाशी असताना जबलपूरकरानं कयाक शिकायला बाहेरगावी कशाला जावं, असं वाटणं साहजिक आहे. पण उलटलेली कयाक आत बसल्याबसल्याच पुन्हा सुलटी करणं, ज्याला कयाकवाले नुसतं ‘रोल’ म्हणतात, ते ग्वारीघाटावर शिकायचं काम नव्हे. घाटावर नावांची वर्दळ, नदीत मगरी, आणि पावसाळ्यात बरगी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी बघता बघता चढतं. रोल शिकायचा तो आधी तरणतलावात, छातीइतक्या पाण्यात, शेजारी शिकवणारा उभा असताना.

त्यामुळे पहिला खर्च गावातलाच. तलावाची महिन्याची फी हजार-दोन हजार धरा आणि नाकाची क्लिप शे-दोनशे. क्लिपला हसू नका. उलटं लटकल्यावर नाकात पाणी गेलं की शिकवलेलं सगळं विसरायला होतं. पाण्याखाली न घाबरता दहा-पंधरा सेकंद राहता येणं, एवढी तयारी इथेच झाली तर पुढच्या महागड्या दिवसांतला एक तरी वाचतो.

पैसे फुकट जातात ते चुकीच्या होडीवर. रिसॉर्टवर अर्ध्या तासाला भाड्यानं मिळते ती वर बसायची कयाक. ती उलटली की माणूस पाण्यात आणि होडी बाजूला. हवा भरायची कयाकही या कामाची नाही. रोलसाठी आत बसायची, मांड्या-गुडघे घट्ट बसतील अशी होडी लागते आणि कमरेभोवती पाणी अडवणारा स्प्रे-स्कर्ट. कंबर फिरली की होडी फिरली पाहिजे.

रोल शिकवणारा वर्ग ऋषिकेशजवळ शिवपुरीच्या बाजूला मिळतो. मोसम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. चार-पाच दिवसांच्या वर्गाला पंधरा ते पंचवीस हजार हाताशी ठेवा. जबलपूरहून श्रीधाम किंवा महाकोशल एक्सप्रेसनं दिल्ली आणि पुढे बस, असा येण्याजाण्याचा खर्च थ्री एसीनं चार-पाच हजार. राहणं-खाणं दिवसाला दीड-दोन हजार. एकूण तीस ते चाळीस हजारांत काम होतं.

पैसे मोजता ते नेमके कशाचे, तेही पाहा. पहिल्या दिवशी रोल नाहीच. स्कर्टची पट्टी ओढून उलट्या होडीतून बाहेर निघायला शिकवतात. मग शिकवणाऱ्याचे हात धरून कमरेचा झटका. झटका बसला की होडी आधी फिरते, धड मागून येतं आणि डोकं सगळ्यात शेवटी. नवखा माणूस श्वासासाठी डोकंच आधी उचलतो आणि पुन्हा खाली जातो. ही खोड मोडायला डोळ्यांच्या चार जोड्या नव्हे, एकच लागते, पण ती आपल्यावरच असायला हवी. म्हणून एका शिक्षकामागे चारपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर स्वस्त वर्गही महागच.

स्वतःची होडी? परदेशी बनावटीची नवी प्लास्टिकची कयाक लाखाच्या पुढे जाते. त्यात सप्टेंबर 2025पासून क्रीडानौकांवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. रोल दोन्ही बाजूंनी जमेपर्यंत तिचं नावही काढू नये, असं माझं मत.

घरात शाळकरी मूल असेल तर मात्र हिशेब वेगळा. याच नर्मदेवर महेश्वरच्या सहस्रधारेत 2023च्या फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या कनू स्लॅलमच्या शर्यती झाल्या. त्या खळाळत्या पाण्यात रोल यावाच लागतो. भोपाळच्या राज्य जलक्रीडा अकादमीच्या निवड चाचण्यांकडे लक्ष ठेवा. निवड झाली तर शिकवण्याचा खर्च अकादमी उचलते. मात्र सपाट पाण्यावरच्या स्प्रिंटच्या अरुंद होड्या रोलसाठी नसतात, तेव्हा स्लॅलमचीच चौकशी करा.

आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर एवढं विचारून घ्या: स्कर्ट, हेल्मेट, लाइफ जॅकेट फीमध्ये धरलंय का, पहिले धडे तलावात की थेट गंगेत, आणि पाणी वाढून वर्ग रद्द झाला तर पैसे परत मिळणार की पुढची तारीख? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागवा. गंगेचं पाणी एप्रिलमध्येही हाडं गोठवतं, तेव्हा वेटसूटचं भाडं वेगळं लागतं का, तेही.