माझं आवडतं गाण्याचं यंत्र : ट्रान्झिस्टर ते मोबाइल (तुलनात्मक निबंध)



'माझी आवडती वस्तू' हा निबंधाचा विषय परीक्षेत हमखास येतो. बहुतेक वह्यांत उत्तर एकच असतं, मोबाइल. कारणंही तीच असतात, आणि 'मला तो फार आवडतो' हे वाक्य चार वेळा येतं. आवड असण्यात काही चूक नाही. पण निबंधात आवड नुसती सांगून भागत नाही, ती पटवून द्यावी लागते. ती कशी पटवायची, हे आजच्या पाठात आपण करूनच पाहू.

विषय घेऊ, बरोबर नेता येणारी गाण्याची यंत्रं. ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, वॉकमन, एमपीथ्री प्लेअर, मोबाइल. आपल्या मालवणच्या किनाऱ्यावरच्या घरांत ही सगळी एकामागून एक आली. त्यांतलं एकच निवडायचं झालं तर कुठलं निवडाल? वाचायच्या आधी तुमचं उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटी ते बदलतं का, बघू.

पायरी १ : आधी निकष ठरवा

निकष म्हणजे मोजायची पट्टी. पट्टी नसेल तर तुलना होत नाही, नुसतं वर्णन होतं. मी चार निकष घेतो.

१. यंत्र सहज उचलून नेता येतं का?
२. लाईट नसताना चालतं का? (पावसाळ्यात माड तारांवर पडला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको!)
३. बिघडलं तर गावातल्या गावात दुरुस्त होतं का?
४. त्यात आपला स्वतःचा आवाज साठवता येतो का?

चौथा निकष थोडा वेगळा वाटेल. तो का घेतला, ते पुढे कळेल.

पायरी २ : एकेकाची ओळख

ट्रान्झिस्टर. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असायचे. ते तापेपर्यंत वाट बघायची आणि वीजही खूप लागायची. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर हा छोटा भाग तयार झाला. १९५४ मध्ये 'रीजन्सी टीआर-१' हा हातात मावणारा रेडिओ बाजारात आला. त्यात असे चार ट्रान्झिस्टर होते. आपल्या लोकांनी मग त्या भागाचं नाव सगळ्या रेडिओलाच देऊन टाकलं.

आमच्याकडे ट्रान्झिस्टर म्हणजे सकाळच्या बातम्या, विविध भारती, रत्नागिरी आणि पणजी केंद्र. मासेमारीला जाणाऱ्यांसाठी तो निव्वळ करमणूक नव्हता. हवामानाचा इशारा त्यावरच कळायचा. आवाज खरखरला की लोक सेट हातात धरून हळूहळू फिरवायचे. त्यामागे शास्त्र आहे. मध्यम लहरींसाठीची अँटेना आत एका फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली असते, आणि ती ठराविक दिशेनेच लहरी चांगल्या पकडते. सेल उतरले की ते उन्हात ठेवायचे आणि अजून दोन दिवस ढकलायचे, हाही घरोघरचा उद्योग.

म्हणजे पहिल्या तीन निकषांत ट्रान्झिस्टर पास. पण केंद्र जे ऐकवेल तेच ऐकायचं. आवडलेलं गाणं संपलं की संपलं.

टेपरेकॉर्डर. १९६३ साली फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट दाखवली. तिच्यामागे लू ओटेन्स हे अभियंते होते. यंत्र खिशात मावलं पाहिजे म्हणून त्यांनी आधी लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून पाहिला आणि तेच माप धरलं, अशी हकिकत सांगतात.

कॅसेटमधल्या प्लास्टिकच्या पट्टीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. 'हेड' नावाचा छोटा विद्युतचुंबक आवाजाप्रमाणे त्या कणांना चुंबकत्व देतो. वाजवताना तीच क्रिया उलट होते. पट्टी सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. आता गणित करा. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, म्हणजे १८०० सेकंदांची. ४.७६ × १८०० = ८५६८ सेंटिमीटर. म्हणजे तळहाताएवढ्या डबीत साधारण ८६ मीटर पट्टी!

मुंबईचे चाकरमानी गणपतीला येताना रेडिओ आणि टेप एकत्र असलेला 'टू-इन-वन' घेऊन यायचे. 'वस्त्रहरण' हे गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं. पुढे त्याच्या कॅसेट कोकणात घरोघरी वाजल्या. डबलबारी भजनांच्याही कॅसेट फिरायच्या. आणि जत्रेत दशावतार असला की कुणीतरी रंगमंचाच्या कडेला आपला टेप नेऊन ठेवायचाच. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कलाकार कथा धरून उभ्या उभ्या बोलतात. त्यामुळे आज ऐकलेला संवाद उद्याच्या जत्रेत तसाच ऐकायला मिळेल असं नाही. तो धरून ठेवायचं साधन तेव्हा या लोकांच्या हातात एकच होतं.

वॉकमन. १ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन आणला. तो कसा बनला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पत्रकारांना मुलाखती घेण्यासाठी सोनीचा 'प्रेसमन' नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातलं रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला, दोन्ही कानांना वेगळा आवाज देणारी जोडणी आणि हेडफोन दिले. झाला वॉकमन! यंत्र हलकं झालं, गाणं सुरेख ऐकू यायला लागलं. पण ऐकण्याचं सुख वाढवताना बोलण्याची सोय गेली. पुढे रेकॉर्डिंग करणारे वॉकमनही निघाले, पण बहुतेकांच्या हातात आला तो नुसता ऐकवणारा.

एमपीथ्री प्लेअर आणि मोबाइल. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातून 'एमपीमॅन' आला, तर ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड. त्यात ५ जीबी जागा होती आणि 'खिशात हजार गाणी' अशी त्याची जाहिरात होती. आपल्या भागात मात्र खरी क्रांती केली ती मोबाइलमधल्या मेमरी कार्डने. बाजारातल्या दुकानात कार्ड द्यायचं आणि 'गाणी भरून' आणायची. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. तोपर्यंत त्याचं सगळं काम फोनच करायला लागला होता.

पायरी ३ : निर्णय, आणि त्याचं खरं कारण

माझी निवड आहे टू-इन-वन टेपरेकॉर्डर. तो सहा सेलवर चालायचा. रबरी पट्टा सैल झाला की बाजारातला रेडिओ दुरुस्तीवाला बदलून द्यायचा. कॅसेट गुंतली तर पेन्सिल घालून आपणच फिरवायची. वजन मात्र होतं, तिथे त्याचे गुण कापले. पण चौथ्या निकषात त्याला मी पैकीच्या पैकी देतो. का, ते सांगतो.

१९८८ च्या गणपतीत माझ्या काकांनी आजीला टेपसमोर बसवलं. तिला फुगडीची आणि जात्यावरची पुष्कळ गाणी पाठ होती. लाल बटण दाबल्यावर ती आधी गायलीच नाही. तिने विचारलं, "ह्या पेटयेत माझो आवाज जातलो, तो परत गावतलो मा?" काका म्हणाले, "गावतलो गे आये, तू म्हण." मग ती गायली. कॅसेटची एक बाजू भरली. काकांनी कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला. तो मोडला की त्या बाजूवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही.

१९९१ साली मी सातवीत होतो. रेडिओवर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लागला होता आणि माझ्याकडे कोरी कॅसेट नव्हती. मोडलेल्या तुकड्याच्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा रेकॉर्डिंग होतं, हे एका मित्राने शिकवलं होतं. मी ती चिकटपट्टी लावली. एकोणीस मिनिटं सिनेमाची गाणी रेकॉर्ड झाली आणि लाईट गेली. टेप तेव्हा विजेवर लावलेला होता, म्हणून तो थांबला. तेवढ्यानेच पुढची अकरा मिनिटं वाचली.

रेकॉर्ड करताना पट्टी आधी 'इरेज हेड'वरून जाते. ते आधीचं चुंबकत्व पुसतं आणि मग नवा आवाज बसतो. म्हणून खालचा आवाज खरवडून काढता येत नाही. मी पुढे बऱ्याच जणांना विचारून पाहिलं, उत्तर तेच मिळालं.

आजी १९९४ मध्ये गेली. काकांना मी काय केलं ते सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उरला हा, ता तरी सांभाळ." त्या अकरा मिनिटांत तीन गाणी पूर्ण आहेत, एक अर्धं आहे, आणि शेवटी आजी म्हणते, "बंद कर ता आता, भात लागतलो." ती एकोणीस मिनिटांतली गाणी घरात आता कुणालाच येत नाहीत. सिनेमाची गाणी मात्र आज शोधली तर एका मिनिटात सापडतात.

पायरी ४ : विरुद्ध मुद्दा टाळू नका

चांगल्या निबंधात समोरच्याचा मुद्दाही यायला हवा. तुम्ही म्हणाल, "सर, मोबाइल तर चारही निकषांत पास होतो. रेकॉर्डिंगही होतं!" अगदी बरोबर. किंबहुना त्याचं रेकॉर्डिंग जुन्या टेपपेक्षा स्वच्छ असतं. पण दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या वर्षभरात तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांचा आवाज किती वेळा रेकॉर्ड केला? आणि केला असेल तर तो आत्ता कुठे आहे? माझ्या आईने सांगितलेल्या गोष्टी मी फोनवर घेतल्या होत्या. फोन खाडीत पडला. दुसरी प्रत काढलेली नव्हती. चूक फोनची नव्हती, माझीच होती. आणि तीही दुसऱ्यांदा.

म्हणून मी टेपला गुण दिले ते यंत्र म्हणून कमी आणि सवय म्हणून जास्त. लाल बटण समोर दिसायचं, म्हणून ते दाबावंसं वाटायचं. तुमच्या फोनमध्येही ते बटण आहे, फक्त शोधावं लागतं.

घरातली जुनी कॅसेट अशी वाचवा

आपली हवा दमट आणि खारी. पट्टीवर बुरशी येते, आतली छोटी स्प्रिंग गंजते. कपाटात कॅसेट असेल तर वाट बघू नका.

- पट्टीवर पांढरे ठिपके दिसले तर ती वाजवू नका, जाणकाराला दाखवा.
- पाठीवरचे दोन्ही तुकडे मोडलेले आहेत ना, ते आधी बघा. नसतील तर मोडा. भोकावर चिकटपट्टी असेल तर काढा!
- टेप मिळवला की त्यात आधी बिनकामाची कॅसेट लावून बघा. हेड कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसा आणि सुकू द्या.
- टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून यूएसबी साउंड कार्डमार्फत संगणकाला जोडा. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगला पुरतं.
- हे जमत नसेल तर शांत खोलीत टेप वाजवा आणि जवळ फोन ठेवून रेकॉर्ड करा. दर्जा कमी मिळेल, पण आवाज राहील.
- मूळ प्रत 'वेव्ह' प्रकारात ठेवा. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात. पाठवायला एमपीथ्री करा, त्याला मिनिटाला साधारण १ एमबी पुरतो.
- तीन प्रती करा. एक फोनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे.

स्वाध्याय

१. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये किती मीटर पट्टी असेल? (इशारा : एक बाजू ४५ मिनिटांची)
२. वॉकमन बनवताना प्रेसमनमधून काय काढलं आणि काय घातलं? दोन वाक्यांत लिहा.
३. दशावताराचं रेकॉर्डिंग छापील नाटकापेक्षा जास्त मोलाचं का ठरतं? तुमचं मत लिहा.
४. कोपऱ्यात लिहिलेलं तुमचं उत्तर पुन्हा वाचा. चार निकष लावून त्यावर १५ ओळींचा निबंध लिहा. माझे निकष पटले नाहीत तर स्वतःचे घ्या, पण ते आधी सांगा. एक विरुद्ध मुद्दाही हवा.
५. उपक्रम : या रविवारी आजी, आजोबा किंवा शेजारच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारून, त्यांची परवानगी घेऊन, दहा मिनिटं रेकॉर्ड करा. सुरुवातीला तारीख, गाव आणि त्यांचं नाव बोला. गाणं येत नसेल तर तिरफळाची आमटी कशी करतात, ते विचारा. सोमवारी वर्गात ऐकू.

प्रत काढायला विसरू नका.