‘चेक’ : मागावरचा आणि ढालीवरचा



आपल्या भिवंडीत ‘चेक’ हा शब्द दिवसातून कितीदा कानावर पडतो! व्यापारी विचारतो, “चेक वटला का?” यंत्रमागावरचा कारागीर विचारतो, “चेक बरोबर पडतोय ना?” एक बँकेचा कागद, दुसरा कापडावरचा चौकडा. दोन्ही शब्दांचे मूळ एकच, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल.

युरोपात बाराव्या शतकात सरदार घराणी आपल्या ढालींवर कुलचिन्हे रंगवू लागली. पुढे या चिन्हांची स्वतंत्र परिभाषाच तयार झाली. दोन रंगांचे चौकोन आलटूनपालटून भरलेल्या नक्षीला तीत ‘चेकी’ म्हणतात. इंग्लंडच्या वॉरेन घराण्याची सोनेरी-निळी ढाल अशीच होती. क्रोएशियाच्या ध्वजावरची लाल-पांढरी ढाल आपल्या फुटबॉलवेड्या मुलांना ठाऊक असेलच. कापडाच्या चेकची मात्र गल्लत नको. मागावर निळा ताणा पांढऱ्या बाण्याला छेदतो तेथे तिसरी, फिकट निळी छटा उमटते. ढालीवर असे मिश्रण नसते.

‘चेकी’ म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी. आपल्याकडचा चतुरंगाचा खेळ इराणात गेला, तेथून अरबांच्या हाती आणि मग युरोपात. फारसीत राजा म्हणजे ‘शाह’. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून फिरता फिरता त्याचे इंग्रजीत ‘चेक’ झाले. मराठीत तोच ‘शह’ होऊन राहिला. कापडाचा चेक आणि आपला शह असे सख्खे भाऊ आहेत.

राहिला बँकेचा चेक. इंग्लंडच्या राजाचा जमाखर्च पाहणाऱ्या कचेरीला ‘एक्सचेकर’ म्हणत. तेथील खजिनदार रिचर्ड फिट्झनील, जे पुढे ११८९ मध्ये लंडनचे बिशप झाले, त्यांनी या कचेरीवर गुरुशिष्य संवादाच्या रूपात ग्रंथ लिहिला आहे. सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. त्यावर रेघा आखलेले काळे कापड. आणि त्यावर सोंगट्या मांडून हिशेब. हे नाव बुद्धिबळाच्या पटावरून पडले, असे ते सांगतात. इंग्रजीत बँकेच्या चेकचे स्पेलिंग वेगळे झाले तेही या कचेरीच्या नावामुळे.

आम्हांला त्यातली सोय फार आवडली. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे किचकट, आणि अक्षरओळख असणारेही थोडेच. सोंगट्या मात्र सर्वांना दिसत. खजिनदार मेजाच्या एका बाजूला, जिल्ह्याचा वसुली अधिकारी समोर. किती भरले आणि किती देणे उरले, हे दोघांच्याही डोळ्यांपुढे उघडे पडलेले असे.