बिनछापाच्या पितळी भांड्याचा कारागीर कसा ओळखावा

भंडारा ही पितळी भांड्यांसाठी नावाजलेली नगरी. जिल्ह्यातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर आजही गुंड, गंज, गडवे आणि पराती सापडतात. त्यांतल्या अनेकांवर कारखान्याचा छाप नसतो. तरीही भांडं कुठल्या हाताचं, हे बरंच कळू शकतं. फक्त पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

साहित्य: भिंग, टॉर्च, लोहचुंबक, वजनकाटा, मोजपट्टी, मऊ सुती फडकं, वही.

१. आधी घासू नका. चिंच, लिंबू, पावडर, कल्हई काही नको. घासण्याने ठोक्यांच्या कडा आणि पुसट अक्षरं झिजतात. कोरड्या फडक्याने धूळ झटका. वजन, उंची आणि तोंडाचा व्यास वहीत लिहा.

२. धातू ठरवा. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, रंग पिवळा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. टिचकी मारली की नाद लांबतो.

३. घडण पाहा. टॉर्च तिरपा धरून आतली बाजू भिंगाखाली न्या. ठोक्यांचे लहानमोठे चट्टे दिसले तर भांडं हाताने ठोकलेलं आहे. पोटावर किंवा बुडाजवळ रंगाने वेगळी रेघ असेल तर ती झाळ; तुकडे जोडून भांडं घडवलंय. बारीक छिद्रं आणि जाड अंग असेल तर ते ओतीव. सगळीकडे सारखी जाडी आणि एकाभोवती एक बारीक वर्तुळं दिसली तर यंत्राचं काम.

४. अक्षरं वाचा, पण घाई नको. ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव बहुधा मालकाचं किंवा आहेर देणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नव्हे. तरी त्यातलं गाव आणि तारीख मोलाची. शक असेल तर ७८ मिळवा, इसवी सन साधारण कळेल. मात्र नाव नंतरही घातलेलं असू शकतं. भांडं त्या सालाच्या आधीचं किंवा त्याच वेळचं, एवढंच त्यातून ठरतं.

५. ताडून पाहा. ज्याचं मूळ घरच्यांना ठाऊक आहे असं भांडं शेजारी ठेवा. काठ कसा वळवलाय, बूड कसं बसवलंय, झाळ कुठे आलीय आणि ठोके किती दाट आहेत, हे चार मुद्दे जुळवा. पुण्याच्या तांबटांचं मठारकाम एकसारख्या चमकत्या ठोक्यांवरून ओळखू येतं. मुरादाबादची पितळी वस्तू नक्षीवरून. भंडाऱ्यात सापडलं म्हणून ते भंडाऱ्याचंच असं नाही. लेकीसुनांबरोबर भांडी दूरवर जात.

६. जाणत्यांना विचारा. गावातल्या वयस्क कासारांकडे भांडंच घेऊन जा, नुसता फोटो नको. तुमचा अंदाज आधी सांगू नका. दोघांना वेगवेगळं विचारा. जुन्या वस्तू पाहण्यासाठी नागपूरचं १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, आहेच.

७. निष्कर्ष लिहा. ‘नक्की’, ‘संभाव्य’ आणि ‘अज्ञात’ असे तीन रकाने करा, प्रत्येकापुढे पुरावा नोंदवा. बहुतेकदा एका माणसाचं नाव मिळत नाही, पण गाव आणि घडणीची रीत हाती लागते. तेही थोडं नाही. नोंदीची चिठ्ठी भांड्यात ठेवा. भांड्यावर नवं काही कोरू नका.

मोडीत घातलेलं भांडं वितळलं की त्यावरचा प्रत्येक ठोका कायमचा जातो. म्हणून विकायचंच असेल तर निदान आधी एवढी नोंद करा, आणि घरातल्या थोरांना आजच विचारा.